जुनी शिडाची नौका घेताना आधी सांगाडा, मग सजावट
नागपूर (प्रतिनिधी) - अंबाझरी आणि फुटाळ्याच्या पाण्यापलीकडे नौकेशी फारसा संबंध न येणाऱ्या नागपूरकरांना जुनी शिडाची नौका विकत घेणे म्हणजे जुनी मोटार घेण्यासारखेच वाटेल. दोहोंत मोठा फरक आहे. मोटार रस्त्यात बंद पडली, तर मदत बोलावता येते. भर समुद्रात डोलकाठी मोडली, तर नाविकाचा जीवच पणाला लागतो.

नौदलाचे निवृत्त अधिकारी अभिलाष टॉमी यांनी हा अनुभव घेतला आहे. गोव्यात बांधलेल्या 'तुरीया' नौकेतून 'गोल्डन ग्लोब' या एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत ते उतरले होते. सप्टेंबर 2018 मध्ये हिंदी महासागरातील वादळात नौकेची डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. 2022 मध्ये ते पुन्हा उतरले, ते आधी वापरलेल्या 36 फुटी 'बायानात' नौकेतून. एप्रिल 2023 मध्ये त्यांनी दुसऱ्या क्रमांकाने शर्यत पूर्ण केली. पहिल्या आलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या किर्स्टन नॉयशेफर यांनीही जुनीच नौका घेऊन ती नव्याने सिद्ध केली होती.

या शर्यतीत नौकेचा आराखडा 1988 पूर्वीचा असावा लागतो. मुंबईत बांधलेल्या 'सुहैली'तून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी 1968-69 मध्ये केलेल्या प्रदक्षिणेची ही आठवण आहे.

जुनी नौका पारखताना ती पाण्याबाहेर काढून जाणकार सर्वेक्षकाकडून तपासून घेणे अत्यावश्यक ठरते. फायबरग्लासच्या डेकवर लहान हातोडीने ठोकतात. आवाज बोदा आला, तर आतील थरात पाणी मुरल्याची किंवा थर सुटल्याची शंका घेतली जाते. तळाच्या वजनदार कण्याचे बोल्ट, सुकाणू आणि पाण्याखालच्या झडपा यांचीही तपासणी होते. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या पोलादी तारा वरून चकचकीत दिसल्या, तरी जोडापाशी आतून गंजलेल्या असू शकतात. साधारण 10 ते 15 वर्षांनी त्या बदलणे हितावह मानले जाते.

सुधारणांचा क्रमही यावरूनच ठरतो. प्रथम सांगाडा व गळती, नंतर डोलकाठी, तारा आणि सुकाणू, त्यानंतर शिडे, इंजिन व विजेची जोडणी; गाद्या, रंग आणि यंत्रांचे पडदे सर्वांत शेवटी. अनेक खरेदीदार नेमका उलटा क्रम धरतात आणि मुख्य कामाला पैसा उरत नाही. त्यामुळे नौकेची किंमत ठरवतानाच दुरुस्तीची रक्कम वेगळी काढून ठेवणे श्रेयस्कर.

इतकी तयारी करूनही मोडतोड टळत नाही. दुसऱ्या शर्यतीत वाऱ्याच्या जोरावर चालणारी सुकाणू-यंत्रणा मोडली, तेव्हा टॉमी यांनी शौचालयाचे दार कापून तिचे भाग तयार केले. आपली नौका स्वतः खोलून पुन्हा जोडता येणे, हीच खरेदीदाराची सर्वांत मोठी सुरक्षितता आहे.