प्रत्यारोपण पर्यटन
अवयव विकत घेऊन त्याचे प्रत्यारोपण करवून घेण्यासाठी परदेशी जाण्याला प्रत्यारोपण पर्यटन म्हणतात. हा व्यवहार मुख्यतः मूत्रपिंडांचा असतो. २००८ च्या इस्तंबूल जाहीरनाम्याने त्याचा निषेध केला. स्वतःच्या नातेवाईक दात्यासह परदेशी जाणारा रुग्ण मात्र त्यात मोडत नाही.

विक्रेता स्वेच्छेने मूत्रपिंड देतो आणि त्याची गरिबी हटते, असा समर्थकांचा युक्तिवाद असतो. चेन्नईतील ३०५ विक्रेत्यांच्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीपुढे तो टिकत नाही. त्यांपैकी ९६ टक्क्यांनी कर्जफेडीसाठी मूत्रपिंड विकले होते. तरीही त्यांतील सुमारे तीन-चतुर्थांश कर्जातच राहिले आणि कुटुंबांचे सरासरी उत्पन्न एक-तृतीयांशाने घटले. भारतात १९९४ च्या कायद्याने अवयवविक्री गुन्हा ठरली आहे. इस्रायलने २००८ मध्ये ग्राहकाच्या बाजूने उपाय योजला: अशा परदेशी शस्त्रक्रियांची विमाभरपाई बंद केली.