काचेला कळणारा आंबटपणा

1779च्या उन्हाळ्यात यान इंगेनहाउस या डच डॉक्टराने इंग्लंडमध्ये हिरवी पानं पाण्यात बुडवून उन्हात ठेवली. पानांवर बुडबुडे धरले. अंधारात नेताच ते थांबले. वनस्पती प्राणवायू सोडतात तो प्रकाशातच, हे त्यातून उमगलं. वनस्पतींनी भरलेल्या अक्वेरियममध्ये दिवा लागून काही तास झाले की हेच बुडबुडे पानापानांतून वर चढताना दिसतात. बघतच राहावं असं ते दृश्य!

पण या बुडबुड्यांना नुसता प्रकाश पुरत नाही. पाण्यातलं पान कार्बनसाठी उपाशी असतं. हवेपेक्षा पाण्यात कार्बन डायऑक्साइड सुमारे 10,000 पट सावकाश पसरतो. शिवाय 25 अंश सेल्सिअसच्या पाण्यात हवेतून विरघळतो तो लिटरमागे जेमतेम अर्धा-पाऊण मिलिग्रॅम. रोटाला मॅक्रांड्रा ही मूळची दक्षिण भारतातली, लालबुंद पानांची वनस्पती टाकीत जोमाने वाढवायची, तर हौशी मंडळी हे प्रमाण 30 मिलिग्रॅमच्या आसपास नेतात.

त्यासाठी सिलिंडर लागतो. त्यात हा वायू द्रवरूपात असतो आणि 20 अंशांना त्याचा दाब 57 बार भरतो. रेग्युलेटर तो दाब उतरवतो, नीडल व्हॉल्व्ह धार बारीक करतो, डिफ्युझर वायूचे अगदी सूक्ष्म बुडबुडे करून पाण्यात सोडतो. मध्ये बसतो सोलेनॉइड व्हॉल्व्ह. वीज मिळाली की तो उघडतो, तुटली की मिटतो. त्यामुळे घरातले दिवे गेले की वायूही आपोआप थांबतो. त्याला टायमर जोडून दिव्याच्या तास-दोन तास आधी वायू सुरू करतात आणि दिवा मालवण्याआधी बंद करतात, कारण रात्री वनस्पती स्वतःच कार्बन डायऑक्साइड सोडतात.

किती वायू विरघळला, हे व्हॉल्व्ह चालवणाऱ्या यंत्राला, म्हणजे कंट्रोलरला, कळतं कसं? खरी गंमत इथे आहे. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की त्यातून आम्ल तयार होतं आणि पीएच उतरतो. कंट्रोलरला जोडलेल्या पीएच प्रोबच्या टोकाशी पातळ काचेचा फुगा असतो. पाण्यातल्या हायड्रोजन आयनांनुसार त्या काचेवरचा विद्युत्‌दाब बदलतो: पीएचच्या एका अंकामागे सुमारे 59 मिलिव्होल्ट. लिंबाच्या रसाचा आंबटपणा मोजण्यासाठी अर्नोल्ड बेकमन यांनी 1934 मध्ये कॅलिफोर्नियात पीएच मीटर बनवला, तो याच तत्त्वावर. पीएच एक अंकाने उतरला म्हणजे वायू दहापट झाला. पीएच 0.1ने उतरला, म्हणजे सहाच मिलिव्होल्टचा फरक पडला, तरी वायू पाव पटीने वाढलेला असतो. कंट्रोलर हे सहा मिलिव्होल्ट ओळखतो आणि ठरवलेला आकडा आला की व्हॉल्व्ह मिटवतो.

म्हणजे हे यंत्र कार्बन डायऑक्साइड मोजतच नाही. ते मोजतं आंबटपणा आणि वायूचा अंदाज आपण बांधतो. त्या अंदाजात पाण्याचा केएच, म्हणजे आम्ल पेलण्याची ताकद, धरावीच लागते. केएच 4 असताना पीएच 6.6 म्हणजे लिटरमागे 30 मिलिग्रॅम वायू. टाकीत चुनखडीचा दगड असेल तर तो विरघळून केएच 8 वर जाऊ शकतो. मग तोच 6.6 गाठायला कंट्रोलर 60 मिलिग्रॅम वायू ओतेल, आणि पडद्यावरचा आकडा मात्र अगदी बरोबर दिसेल.

असा वायू साचला की मासे गुदमरतात. त्यांच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड कल्ल्यांवाटे पाण्यात जायचा असतो. पाण्यातच तो जास्त झाला की ती वाट अडते. म्हणून प्रोब पीएच 7 आणि 4च्या प्रमाणित द्रावणांत अधूनमधून जुळवून घ्यावा, केएच नियमित तपासावा आणि आकडा ठरवल्यावर मासे लक्षपूर्वक पाहावेत. ते पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागले, तर कंट्रोलर काहीही दाखवो, सिलिंडर बंद करावा आणि पाण्यात हवा सोडावी.