कोरडे दिवस आणि नोकरदार चित्रकार

चित्रकाराला स्फूर्ती कशी येते यावर आपल्याकडे भरपूर लिहून झाले आहे. ती निघून गेल्यावर तो काय करतो, यावर फारसे कोणी लिहीत नाही. संपादकांनी मराठी चित्रकारांच्या चढउतारांचा आढावा मागितला तेव्हा मी त्यांना आधीच सांगून ठेवले, की चढाविषयी मला काही सांगायचे नाही. चढ असतो तेव्हा माणूस चित्र काढतो, जेवायला हाक मारली तर ओ देत नाही. संपले. बोलायचे ते उताराबद्दल.

जुन्या मंडळींवरून भरभर पुढे जातो. संस्थानिकांची व्यक्तिचित्रे आणि बॉम्बे आर्ट सोसायटीची पदके, या काळात प्रश्न स्फूर्तीचा नव्हता, काम मिळण्याचा होता. सत्तेचाळीसचे प्रोग्रेसिव्ह, सूझा आणि आरा वगैरे, यांच्यावर इतकी शाई खर्ची पडली आहे की माझ्या शाईवाचून त्यांचे काही अडणार नाही.

मला थांबायचे आहे ते दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्यापाशी. दोघेही मूळचे गोव्याचे. दलालांनी 1945 साली ‘दीपावली’ हा अंक सुरू केला आणि पुढे पाव शतक मराठी घरांत त्यांचे रंग पोचले. मुळगावकरांच्या स्प्रेच्या कामाची झिलई आजही डोळ्यांसमोर आहे. आमच्यातले काही विद्वान त्यांना ‘कॅलेंडरवाले’ म्हणून मोडीत काढतात. काढोत. पण दिवाळी अंकाचे चित्र ऐन पावसाळ्यात काढावे लागते हे या विद्वानांना ठाऊक नसावे. बाहेर कोसळतोय पाऊस, कपडे वाळत नाहीत, आणि कागदावर पणत्या लावायच्या आहेत. ब्लॉकमेकरचा माणूस दारात उभा. मूड नाही, ही सबब तिथे चालत नसे.

मी उमेदवारी केली त्या स्टुडिओतले आमचे थोरले मास्तर यावर एकच उपाय सांगत: हात चालत नसेल तर मोठ्या कामाला हात लावू नकोस, लेटरिंग घे. समासाच्या रेघा मार, रंग घोटून ठेव, कालच्या चित्राच्या कडा साफ कर. दुपारपर्यंत हात आपोआप सैल होई. कधी नाहीच झाला, तरी कडा साफ झालेल्या असत.

नोकरी सांभाळून हात चालता ठेवणारेही होते. वसंत सरवटे पेशाने सिव्हिल इंजिनिअर होते, एसीसीत नोकरीला होते, आणि तरीही रेषेचा इतका खोल विचार करणारा दुसरा व्यंगचित्रकार मराठीत दाखवा. प्रल्हाद अनंत धोंड 1958 ते 1968 जे. जे.चे डीन होते. फायली, बदल्या, विद्यार्थ्यांची भांडणे, या सगळ्यातून त्यांनी जलरंगातला समुद्र सोडला नाही. ओला वॉश कोणासाठी थांबत नाही. वाळायच्या आत निर्णय घ्यावाच लागतो. विषय बदलला की ताजेपणा येतो असे सांगणाऱ्यांनी धोंडांचे किनारे एका ओळीत मांडून पाहावेत.

आता माझा जुना आजार: प्रभाकर बरवे. मित्र म्हणतात, तू कुठूनही निघालास तरी नागावलाच पोचतोस. खरे आहे. 1936 साली अलिबागजवळच्या नागावात जन्मलेला हा माणूस जे. जे.तून बाहेर पडला आणि वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरीला लागला. काम काय, तर हातमागासाठी डिझाइन करायचे. आधी बनारसला, मग मुंबईत, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत. बनारसने त्यांना तांत्रिक आकार दिले. पण मला त्याहून मोठी वाटते ती रोज आकाराशी बसण्याची सवय. विणकराला हवा असतो असा आकार, जो पुन्हा पुन्हा आला तरी कंटाळा आणणार नाही. पुढे बरव्यांच्या कॅनव्हासवर घड्याळ, पान, किल्ली, सेफ्टी पिन अशा साध्या वस्तू एकेकट्या, भोवती भरपूर मोकळी जागा घेऊन बसू लागल्या. त्या जागेचे वजन तोलायला ते कापडावर शिकले, असे माझे मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

शिवाय वह्या. बरवे वर्षानुवर्षे वह्या भरत राहिले: छोटी रेखाटने, एखादी कल्पना, अवकाशाविषयीचे विचार. 2019 मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन झाले तेव्हा लोक चित्रांपुढे थांबत होते आणि मी वह्यांपुढे. कॅनव्हासवर काही घडत नसले तरी वहीत काही ना काही चालूच असे. मौजेने 1990 साली काढलेले ‘कोरा कॅनव्हास’ याच सवयीतून आले. चित्रकलेच्या विद्यार्थ्याने ते वाचलेले नसेल तर मी त्याच्याशी पुढे बोलत नाही.

नोकरीने बरव्यांची उमेदीची वर्षे खाल्ली, असा एक गळा काढला जातो. 1976 साली त्यांना ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा ते नोकरीतच होते. नोकरी नसती तर पहिल्याच कोरड्या वर्षात पोटासाठी विकाऊ गणपती काढावे लागले असते, हे कोणी विचारात घेत नाही.

समोरून हमखास फेकला जाणारा हुकमाचा पत्ता म्हणजे गायतोंडे. ते वाट पाहत, वर्षाला पाच-सहाच कॅनव्हास करत, मग आम्हीही वाट पाहतो. अहो, त्यांच्या वाट पाहण्यामागे झेनचे वाचन होते, रोलर आणि नाइफवर बसलेला हात होता, आणि दिल्लीतल्या एका खोलीत वर्षानुवर्षे एकटे राहण्याची तयारी होती. 1984 च्या अपघातानंतर मोठे कॅनव्हास जमेनात, तेव्हा ते कागदावरच्या लहान रेखाटनांकडे वळले. उताराला मान देणे म्हणतात ते हे. आपले वाट पाहणे बहुतेक वेळा कट्ट्यावर चालते.

आणि आज? जहांगीरची तारीख मिळायला कित्येक वर्षे थांबावे लागते. अर्ज चढाच्या दिवसांत केलेला, भिंती भरायच्या त्या उतारात. मग मागच्या प्रदर्शनाचीच चित्रे थोडा रंग बदलून येतात. रोज काहीतरी टाकायचे म्हणून अर्धवट चित्राचे रील होते आणि वहीत राहायला हवा तो चाचपडणारा आकार संध्याकाळपर्यंत शंभर जणांच्या पसंतीला उतरून पक्का होऊन बसतो. कला महाविद्यालयांतल्या जागा रिकाम्या, असतील त्या तासिका तत्त्वावर. हातमागासाठी चित्रकाराला पगार देणारी कचेरी आज कोणाला सुचणारही नाही. माझ्याकडे येणारी हुशार मुले अॅपची आणि जाहिरातींची डिझाइने करतात. पगार बरव्यांना मिळाला असेल त्याहून पुष्कळ, पण साहेबाचा मेसेज रात्री अकरालाही येतो. बरव्यांची कचेरी संध्याकाळी बंद होत असे.