कांटा खोटें बोलतो तेव्हां

रात्रीच्या वेळीं निर्जन रस्त्यावर मोटार अकस्मात् थांबावी, आणि समोरचा कांटा मात्र टाकी अर्धी भरल्याची ग्वाही देत असावा, याहून मोठी फजिती ती कोणती! अशा वेळीं सारा दोष कांट्याच्या माथीं मारला जातो. वस्तुतः बिचारा कांटा पुष्कळदां निर्दोष असतो. दुसऱ्याकडून आलेला निरोप तेवढा तो सांगत असतो.

इंग्लंडांत ॲबिंग्डन येथें १९६२ पासून १९८० पर्यंत तयार झालेली एम. जी. बी. ही स्पोर्ट्स मोटार उदाहरणादाखल घेतां येईल. तिच्या टाकींत एका दांडीच्या टोकाशीं पोकळ तरंगता गोळा असतो. पेट्रोलबरोबर तो वर-खालीं होतो व दांडीचें दुसरें टोक बारीक तारेच्या वेटोळ्यावरून सरकतें. टाकी भरलेली असली म्हणजे विजेच्या वाटेंतील रोध कमी होतो, रिकामी होत गेली म्हणजे वाढतो. आरंभींचीं वर्षें सोडलीं, तर या गाडीच्या मापकांत दोन धातूंची जोडपट्टी असते. तिच्याभोंवतींची तार प्रवाहानें तापते, पट्टी वाकते आणि कांटा सावकाश चढतो. बॅटरीचा जोर कमी-अधिक झाला तरी माप चुकूं नये, म्हणून एक नियामक डबी मापकास सरासरी १० व्होल्टचा पुरवठा करते.

कांटा शून्यावरच निजून राहिला, तर परीक्षा टाकीपासून करावी. तेथील काळी तार प्रवाह गाडीच्या सांगाड्यांत पोंचविते. तिचा सांधा गंजला असल्यास घासून स्वच्छ करावा. कित्येकदां एवढ्यानेंच काम भागतें. न भागल्यास किल्ली बंद ठेवून हिरवी-काळी तार सोडवावी, तिचें टोक सांगाड्याच्या स्वच्छ धातूस घट्ट जोडावें आणि मगच किल्ली फिरवावी, म्हणजे टाकीपाशीं ठिणगी उडणार नाहीं. कांटा चढूं लागतांच किल्ली बंद करावी. तो चढला, तर अपराधी टाकींतच आहे. न चढल्यास हाच प्रयोग मापकाच्या पाठीमागें करावा. तेथें चढला तर मधली तार तुटली आहे. तेथेंही न चढल्यास नियामकास चांचणीचा दिवा लावावा. मूळची डबी ठीक असली तर दिवा लुकलुकतो, आणि मग दोष मापकाचा ठरतो. दिवा पेटलाच नाहीं, तर दोष डबीचा किंवा तिच्या पुरवठ्याचा.

टाकी रिकामी असतांही कांटा वरच राहत असेल, तर हिरवी-काळी तार नुसती सोडवून पाहावी. कांटा खालीं आला, तर टाकींतील दांडी अडकली असावी. न आला, तर ती तार वाटेंत सांगाड्यास चिकटली असण्याचा संभव फार. कांटा नेहमींच थोडें अधिक दाखवीत असेल, तर नियामकाचा सांगाड्याशीं असलेला सांधा तपासावा. तो तुटल्यास बॅटरीचा पूर्ण जोर मापकावर येतो.

टाकींतील भाग काढतांना मात्र उतावीळ करूं नये. पेट्रोलची वाफ डोळ्यांस दिसत नाहीं, पण ठिणगीची वाट पाहत असते. काम उघड्यावर करावें, बॅटरी सोडवावी, टाकी रिकामी करावी, विडी-सिगारेट दूर ठेवावी. अडकलेलें कडें पोलादानें न ठोकतां लांकडानें वा पितळेनें ठोकावें. गोळा कानाशीं हलवून पाहावा. आंत पेट्रोल खळखळलें तर त्यास छिद्र पडलें आहे, आणि बुडालेला गोळा टाकी सदैव रिकामीच सांगणार. नवा भाग बसवितांना रबरी कडीही नवी घ्यावी.

शेवटीं मोजून पेट्रोल ओतावें व कांटा कोठें थांबतो याची टिपण ठेवावी. निरोप्यास शिक्षा करण्यापूर्वीं निरोप कोठून आला तें पाहावें, एवढेंच या दुरुस्तीचें मर्म आहे.