चिमूटभर हळद, धरणभर पाणी

‘हळदीमुळे कर्करोगाच्या पेशी मेल्या’ अशी बातमी आपण अधूनमधून वाचतो. मग पुणे असो की पानशेत, घरात कुणी आजारी असेल तर त्याच्यासाठी हळद-दुधाचा पेला तयार होतो. बातमी खोटी असतेच असं नाही. पण बहुतेक वेळा ती प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींची असते. पुण्याच्या विद्यापीठ परिसरातली राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्था देशभरच्या संशोधकांना अशा पेशी पुरवते. त्यांच्यावर औषध कसं घालतात, हे समजलं की बातमीचं वजन कळतं.

हळदीचा पिवळा रंग कुरकुमिनचा. फोडणीच्या तेलाला तो लगेच चढतो. पाण्यात मात्र हळद तळाशी बसते. कारण कुरकुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून प्रयोगशाळेत डीएमएसओ नावाचा द्रावक वापरतात. ३.६८ मिलिग्रॅम कुरकुमिन विरघळवून १ मिलिलिटर द्राव केला, की त्याची तीव्रता १० मिलिमोलर होते. हा मूळ द्राव. तो छोट्या कुप्यांत वाटून, उजेडापासून दूर, उणे २० अंशांवर ठेवतात.

पेशींना तो थेट देत नाहीत. त्यातला १ मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग, १ मिलिलिटर पोषक द्रवात नीट मिसळतात. तीव्रता हजारपट उतरून १० मायक्रोमोलर होते आणि डीएमएसओ उरतो ०.१ टक्का. प्रमाण चुकलं तर कुरकुमिनचा साका बनतो आणि प्रयोग फसतो.

आता खरी मेख. डीएमएसओचं प्रमाण वाढलं तर तो स्वतःच पेशींना मारू शकतो. मग पेशी हळदीनं मेल्या की द्रावकानं? याचं उत्तर मिळावं म्हणून दुसऱ्या भांड्यातल्या पेशींना तेवढाच नुसता डीएमएसओ देतात. निरनिराळ्या तीव्रता तपासायच्या असतील तर मूळ द्राव आधी डीएमएसओतच पायरीपायरीनं पातळ करतात. म्हणजे प्रत्येक भांड्यात द्रावक सारखाच जातो, फरक फक्त औषधाचा राहतो.

दुसरा प्रश्न तीव्रतेचा. पानशेत धरणात सुमारे साडेदहा टीएमसी, म्हणजे जवळपास तीस हजार कोटी लिटर पाणी मावतं. आपला १ मिलिलिटर मूळ द्राव त्यात सारखा मिसळला असं समजा. हिशेब केला तर दर लिटरमागे कुरकुमिनचे सुमारे दोन कोटी रेणू येतात! आकडा मोठा वाटतो; पण त्या पाण्यानं पेशींवर काही परिणाम होईल असं कुणी म्हणणार नाही. द्रव्य आहे एवढ्यानं भागत नाही, ते पुरेशा तीव्रतेनं पेशीपर्यंत पोचावं लागतं. कुरकुमिन पोटात काही ग्रॅम घेतलं तरी रक्तात फार थोडं उतरतं. भांड्यातल्या पेशींना मिळते तेवढी तीव्रता शरीरातल्या गाठीला मिळेलच, असं नाही.

म्हणून अशी बातमी वाचली की तीन गोष्टी विचाराव्यात. प्रयोग भांड्यातल्या पेशींवर झाला की माणसांवर? तीव्रता किती होती? आणि नुसत्या द्रावकाशी तुलना केली होती का? उत्तरं मिळेपर्यंत हळद स्वयंपाकात खुशाल वापरावी; तिच्या भरवशावर डॉक्टरांचे उपचार मात्र एक दिवसही थांबवू नयेत.