बुळकांडीनंतरचे सेरेंगेटी

टांझानियातील सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानात वाइल्डबीस्ट हुडकावा लागतो म्हणणे म्हणजे आषाढात पंढरपुरी वारकरी हुडकण्यासारखेच होय. राखी अंग, मानेवर व खांद्यांवर उभे काळपट पट्टे, गळ्याखाली फिकट दाढी, मागे उतरत गेलेली पाठ आणि नर-मादी दोघांनाही असलेली वाकडी शिंगे, एवढ्या खुणा ओळखीला पुरेशा आहेत. परंतु पाहणाऱ्यास जी विपुलता सृष्टीच्या आरंभापासून अव्याहत चालत आल्यासारखी भासते, ती वस्तुतः गुरांच्या एका रोगाच्या निर्मूलनाची फलश्रुती आहे.

आपल्या शेतकऱ्यांच्या गोठ्यांत पिढ्यान्‌पिढ्या धास्ती घालणारा हा रोग म्हणजेच बुळकांडी १८८०च्या दशकाच्या अखेरीस, इटालियन फौजेच्या रसदीसाठी आणलेल्या आणि बहुधा हिंदुस्थानातूनच आलेल्या गुरांबरोबर आफ्रिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर उतरली. आणि दहा वर्षांच्या आत दक्षिण टोक गाठताना तिने मसाई लोकांच्या खिल्लारांचा, रानरेड्यांचा व वाइल्डबीस्टांचा भयानक संहार केला. योगायोग असा की, १८८९ साली हिंदुस्थान सरकारने जनावरांच्या रोगांच्या अभ्यासासाठी पुण्यातच प्रयोगशाळा स्थापिली, जी १८९३ साली कुमाऊँतील मुक्तेश्वरास हलविण्यात आली आणि जेथे पुढे १९२०च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू बकऱ्यांत वारंवार संक्रमित करून सौम्य केला. बकऱ्यांतून सौम्य केलेली लस पुढे केनियातही वापरात आली. वन्य पशूच रोगाचे आगर आहेत, अशी अनेक अंमलदारांची समजूत होती. पण १९५०च्या दशकापासून सेरेंगेटीभोवतालच्या गुरांना लस टोचली जाऊ लागताच, रानातल्या एकाही जनावरास सुई न लावता, १९६३ च्या सुमारास वाइल्डबीस्टही रोगमुक्त झाले. १९६१ साली अडीच लाखांच्या आसपास असलेली त्यांची शिरगणती १९७७ पर्यंत तेरा लाखांवर गेली. अर्थात मधल्या काळात कोरड्या हंगामात पडलेल्या जादा पावसाचाही त्यात हातभार होताच.

मारा नदीच्या काठी मोटारी उभ्या करून, नदी ओलांडणाऱ्या वाइल्डबीस्टांवर झडप घालणाऱ्या मगरींची वाट पाहणाऱ्या प्रवाशांना मी दोष देत नाही. मात्र वाइल्डबीस्टाचे मर्म जाणून घ्यायचे, तर जानेवारी ते मार्चच्या दरम्यान आग्नेयेकडील न्डुटूच्या आखूड गवताच्या मैदानांवर जावे. ज्वालामुखींच्या राखेने समृद्ध झालेल्या तेथील गवतात कॅल्शियम व फॉस्फरस मुबलक असल्याने गाभण आणि दुभत्या माद्या तेथेच मुक्काम ठोकतात, आणि बहुतेक पिलांचे जन्म दोन-तीन आठवड्यांतच उरकल्यामुळे तरसांनी व सिंहांनी कितीही खाल्ली तरी पुष्कळशी पिले उरतात. तपकिरी रंगाचे ते पिलू काही मिनिटांत उभे राहते व लगोलग आईमागे धावू लागते.

बुळकांडी हटल्यावर वाढलेल्या वाइल्डबीस्टांच्या एवढ्या तोंडांनी गवत फस्त होऊ लागताच वणव्यांना जळण उरले नाही, वणवे ओसरले तशी एरवी दरसाल होरपळणारी बाभळीच्या जातीची रोपटी वाढीस लागली, आणि त्या कोवळ्या झाडपाल्यावर पोसून जिराफांचीही संख्या वाढली.