खेळाचा कॉम्प्युटर : आधी वीज, मग वेग

मे अखेरीस आंब्याचा हंगाम आटोपतो, वाशीच्या दलालाची शेवटची पट्टी हाती येते आणि रत्नागिरीकडच्या घराघरांत खर्चाच्या याद्या सुरू होतात. घराची शाकारणी, आगोटीची भरणी, खताची उधारी, मुलांची फी. अलीकडे या यादीत आणखी एक मागणी येऊ लागली आहे. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला घरच्या कॉम्प्युटरवर नवे खेळ खेळायचे असतात आणि त्यासाठी ग्राफिक्स कार्ड हवे असते.

मागणी ऐकून घरच्या कर्त्या माणसाच्या कपाळाला आठ्या पडतात. पण त्याच कॉम्प्युटरवर सातबारा काढला जातो, अभ्यास होतो, पेट्यांचा हिशेब राहतो. तो विचाराने सुधारला तर साऱ्या घराच्या उपयोगी पडेल. घाईने सुधारला, तर वीस-पंचवीस हजार रुपये पहिल्याच पावसात वाया जायचे.

कोकणातले तीन शत्रू

शहरातल्या मुलांना मिळणारा सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाही. आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. चार महिने भिंतींना ओल असते, किनाऱ्यालगत खारा वारा असतो आणि वळवाच्या व परतीच्या पावसात विजा कडाडतात. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक गावे बरेच दिवस अंधारात होती. ओल, खारा वारा आणि बेभरवशाची लाईट हे कॉम्प्युटरचे तीन शत्रू. म्हणून पहिला रुपया विजेवर खर्च करावा.

पहिला खर्च विजेवर

कॉम्प्युटरच्या पेटीच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात काय? येत असतील तर बहुधा अर्थिंग नाही किंवा तुटले आहे. जांभ्याच्या सड्यावर उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते आणि असलेले अर्थिंगही दुबळे होते. चांगल्या वायरमनकडून ते मोजून घ्यावे. खड्ड्यात कोळसा-मीठ भरलेले असेल तर उन्हाळ्यात अधूनमधून पाणी ओतावे. मेन स्विचजवळ ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवला तर साऱ्या घराचेच रक्षण होते.

त्यानंतर यूपीएस. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. लाईट गेल्यावर काम जतन करून कॉम्प्युटर बंद करण्यापुरताच त्याचा उपयोग धरावा. घरच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालवायचा असेल तर तो प्युअर साईन वेव्हचा असावा. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर काही चांगले पॉवर सप्लायही नीट चालत नाहीत.

पेटीतला पॉवर सप्लाय म्हणजे कॉम्प्युटरचे हृदयच. पेटीबरोबर फुकट आलेल्या पॉवर सप्लायवर नवे कार्ड जोडू नये. हिशेब सोपा आहे. प्रोसेसर ६५ वॅट, आरटीएक्स ३०५० चे ८ जीबीचे कार्ड १३० वॅट आणि बाकी सारे मिळून सुमारे ५० वॅट, बेरीज २४५. पण भार क्षणोक्षणी वर-खाली होतो, म्हणून ५५० वॅटचा, नावाजलेल्या कंपनीचा पॉवर सप्लाय घ्यावा. त्यावरची ८० प्लस ही खूण वीज किती कमी वाया जाते ते सांगते.

पैसे कोणत्या क्रमाने घालावेत

आधी कॉम्प्युटरचे वय पाहावे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. एएमडीचा असेल तर रायझन २००० मालिकेपासून पुढचा. आपला कॉम्प्युटर याहून जुना असेल तर त्यात महागडे कार्ड घालणे म्हणजे मोडक्या घराला नवी कौले घालण्यासारखे आहे. ते पैसे नव्या मशीनसाठी राखावेत.

कॉम्प्युटर सुधारण्याजोगा असेल तर प्रथम हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी घालावी. साधी हार्ड डिस्क सेकंदाला सुमारे १०० ते १५० एमबी वाचते, साटा एसएसडी ५५० पर्यंत आणि एनव्हीएमई एसएसडी त्याच्या कितीतरी पट. हा फरक अभ्यास आणि हिशेबातही जाणवतो. त्यानंतर रॅम १६ जीबी करावी आणि जमल्यास ८-८ च्या दोन पट्ट्या घालाव्यात. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या खाचा निरनिराळ्या असतात. एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही, जोर लावू नये. २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती जगभर भडकल्या, तेव्हा दोन-तीन दुकानांत भाव विचारूनच घ्यावी. ग्राफिक्स कार्डाचा नंबर शेवटी.

कार्यालयांतून निघालेले जुने कॉम्प्युटर पुष्कळ घरांत आहेत. त्यांचा पॉवर सप्लाय लहान आणि वेगळ्या मापाचा असतो, बदलताही येत नाही. अशा वेळी आरटीएक्स ३०५० चे ६ जीबीचे कार्ड पाहावे. ते ७० वॅटच घेते आणि त्याला सहसा वेगळी वायर लागत नाही. पेटी अरुंद असेल तर अर्ध्या उंचीचे कार्ड मागावे.

चाकरमान्याला फोन करण्यापूर्वी

आपल्याकडे बरेच भाग मुंबईहून, लॅमिंग्टन रोडच्या बाजारातून, गणपतीला किंवा शिमग्याला येणाऱ्या चाकरमान्याबरोबर येतात. भाग बसला नाही तर बदलायला पुन्हा मुंबई गाठावी लागते. म्हणून फोन करण्याआधी पेटी उघडून मदरबोर्डवरचे नाव, पॉवर सप्लायवरचे लेबल आणि रॅमचा प्रकार यांचे फोटो पाठवावेत. कार्डासाठी आत किती सेंटिमीटर जागा आहे तेही मोजावे.

पक्के बिल घ्यावे व त्यावर सीरियल नंबर लिहून घ्यावा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही तक्रार करता येते. वापरलेल्या कार्डांबाबत अधिक जपावे. २०२२ पर्यंत आभासी चलन काढण्यासाठी रात्रंदिवस राबवलेली कार्डे नंतर बाजारात आली. असे कार्ड अर्धा तास खेळ चालवून दाखवल्याखेरीज घेऊ नये.

बिघाड शोधताना

एका वेळी एकच भाग बदलावा आणि मशीन चालू करून पाहावे, हा पहिला नियम. चार भाग एकदम बदलले तर दोष कोणाचा ते कळत नाही.

नवे कार्ड बसवूनही खेळ रडतखडत चालत असेल तर मॉनिटरची केबल पाहावी. ती कार्डालाच जोडलेली हवी. पुष्कळदा ती जुन्या जागी मदरबोर्डलाच राहते. पंखे फिरतात पण पडदा काळा, अशा वेळी प्लग काढून रॅमच्या पट्ट्या उपसाव्यात, त्यांचे सोनेरी दात स्वच्छ खोडरबराने हलके पुसून पुन्हा घट्ट बसवाव्यात. दमट हवेत दातांवर मळ धरतो आणि निम्मे बिघाड एवढ्यानेच जातात. तारीख-वेळ वारंवार चुकत असेल तर सीआर २०३२ हा गोल सेल बदलावा. खेळ ऐन रंगात असताना मशीन बंद पडत असेल तर धूळ भरलेला पंखा किंवा कमजोर पॉवर सप्लाय, या दोहोंपैकी एक कारण बहुधा असते.

दोन गोष्टी कधीच करू नयेत. पॉवर सप्लायचा डबा उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात जीवघेणा दाब राहू शकतो. आणि लाईट ये-जा करत असताना बायोस अपडेट करू नये. मध्येच वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो.

पावसाळ्यात

कॉम्प्युटर पडवीत किंवा ओल्या भिंतीला लावून ठेवू नये. फूटभर उंच लाकडी बाकावर, भिंतीपासून सुटा ठेवावा. रोज अर्धा तास तरी चालवावा, म्हणजे आतल्या उबेने ओल धरत नाही. बरेच दिवस बंद असेल तर चालू करण्यापूर्वी आत मुंग्या वा पालीची अंडी नाहीत ना, ते पाहावे. गडगडाट ऐकू येताच प्लग तर काढावाच, पण राऊटरकडून येणारी केबलही काढावी. जवळ पडलेल्या विजेपुढे यूपीएस टिकत नाही.

आईवडिलांसाठी

मुले खेळतात म्हणून बिघडतात असे नाही. पण खेळ कोणता, हे घरच्यांना ठाऊक असावे. पुण्याच्या मंडळींनी २०२० साली आणलेला 'राजी' हा खेळ आपल्या पुराणकथांवर उभा आहे. त्याउलट पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा २०२५ साली संसदेने केला, तेव्हा त्या वाटेला कोणी जाऊ नये. पेटी उघडाल त्या दिवशी मुलीलाही सोबत घ्यावे आणि भावाइतकेच तिच्याही हातात स्क्रू-ड्रायव्हर द्यावा. घरातल्या दोघांना पेटी उघडता आली, तर प्रत्येक लहान बिघाडासाठी एसटीने तालुक्याला मशीन न्यावे लागणार नाही.